नववीतच मेडिकलची धास्ती : कोल्हापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

भाची यंदा नववीत गेली. तिला डॉक्टर व्हायचंय हे तिसरीपासून ऐकतेय, त्यात नवीन काही नाही. परवा मात्र विचारलं, "मावशी, घटक चाचणीत गणितात २० पैकी १२ पडले. म्हणजे एमबीबीएसचं अवघडच ना आता?" नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसायचं तर प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. म्हणजे सरकारी नियमानं बघितलं तरी हिला घाबरायला अजून अवकाश आहे. नीटमध्ये गणिताचा पेपरच नसतो म्हटलं, तर म्हणते, "फिजिक्सला लागतंय की." यावर काय बोलणार?

तुम्ही त्या वयात अशी काळजी केली असेल, घरात असं मूल असेल, शिकवत असाल, डॉक्टर असाल किंवा व्हायला निघून दुसरंच काही झाला असाल, तर लिहा. उपदेश नको, काय घडलं ते सांगा. क्लास आणि शाळांची नावं मात्र टाळा.

राजारामपुरी, दहावीतल्या मुलाची आई

आमच्याकडं आठवीपासून फाउंडेशन, म्हणजे नीटचा आधीपासूनचा क्लास, होतं. दर रविवारी टेस्ट आणि संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रँकची यादी, नावासकट. शेवटच्या दहा नावांना लाल रंग. मग शनिवारी रात्री पोरगं पोट धरून बसायला लागलं. आधी वाटलं बाहेरचं खाल्लं असेल. ओवा झाला, हिंग झाला, सोनोग्राफी झाली. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "वहिनी, हे पोट दर शनिवारीच कसं दुखतंय?"

क्लासला सांगून बघितलं की याचं नाव यादीत टाकू नका, आम्हाला वेगळं कळवा. "सगळ्यांना एकच नियम," एवढंच उत्तर. काढला तिथनं. भरलेली फी बुडाली, त्यावरनं घरात चार दिवस अबोला होता. आता घरीच अभ्यास करतो. डॉक्टर होईल का ते माहीत नाही, पण शनिवारी रात्री भडंग खात मॅच बघतो.

सीपीआर या सरकारी दवाखान्यातला इंटर्न, मूळ गडहिंग्लजकडचा

भाचीला आकड्यांत सांगतो, कारण मला त्या वयात कुणी सांगितलं नव्हतं. नीटचा पेपर ७२० मार्कांचा, १८० प्रश्न. त्यात ९० बायोलॉजी, ४५ फिजिक्स, ४५ केमिस्ट्री. बरोबरला चार, चुकलं तर एक वजा. सगळा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. नववीचे मार्क कुठंही धरत नाहीत. दहावीचेसुद्धा नाहीत. बारावीला पीसीबीत (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) खुल्या गटाला ५०, राखीवला ४० टक्के लागतात. पुढं सगळा खेळ नीटच्या रँकवर.

म्हणून नववी वाया घालवायची असं नाही. आपल्या स्टेट बोर्डाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा 'गतीचे नियम'. केमिस्ट्रीतली मोल ही भानगड पहिल्यांदा भेटते ती 'द्रव्याचे मोजमाप'मध्ये. हे दोन धडे मला नववीत समजले नव्हते, पाठ केले होते. अकरावीत ते दुप्पट होऊन अंगावर आले.

जागांचं म्हणाल तर सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यात असतात, १५ टक्के देशभरातून भरतात. आपल्या शाहू महाराजांच्या नावाच्या कॉलेजात १५० जागा आहेत. वडिलांच्या काळी कोल्हापुरात सरकारी मेडिकल कॉलेजच नव्हतं, मिरज नाहीतर पुणं. आता मिरज आहेच, शिवाय सातारा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी झालीत. मुलंही वाढलीत, ते वेगळं.

आणि काळजीच करायची असेल तर थोडी पुढची शिल्लक ठेव. साडेचार वर्षं कॉलेज, वर्षभर इंटर्नशिप, त्यानंतर बाँडची सरकारी सेवा. काल रात्री कॅज्युअल्टीत उभ्याउभ्या चहा पीत होतो, तो पण अर्धा राहिला.

कागलजवळून, एक बाप

मुलगी आठवीत. एका रात्री मी आणि मंडळी हिशेब करत बसलेलो. सरकारीला नाही लागली आणि खासगी डीम्ड कॉलेजला घालायचं झालं तर वर्षाची फी लाखात दोन आकडी. रस्त्याकडंचं वीस गुंठं काढायला लागंल, असं मी बोलून गेलो. पोरगी झोपलीय असं वाटलं. सकाळी ती आप्पांना विचारतीय, "मी नापास झालो तर शेत परत देतात काय?"

आप्पा माझ्याकडं बघत बसले. आता हिशेब गोठ्यात करतो.

निवृत्त विज्ञान शिक्षक, मंगळवार पेठ

राजारामपुरीच्या ताईंचं पटलं, पण फाउंडेशनला सरसकट शिव्या नकोत. लाल रंगाची यादी काढणारा मूर्खच. तरी शाहूवाडी, राधानगरीकडून येणारी मराठी माध्यमाची मुलं मी चाळीसेक वर्षं बघितली. नीटचा पेपर मराठीतून देता येतो हे खरं, पण अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजीत. पहिले सहा महिने ही हुशार पोरं 'व्हेलॉसिटी' म्हणजे आपला वेगच, एवढं कळण्यात घालवतात. डॉक्टरांच्या घरातल्या मुलाला हे जेवताना कानावर पडतं. बाकीच्यांना कुणीतरी नववी-दहावीत सांगायला नको का? आठवड्याला दोन तास, परीक्षा न घेता, पुरतात.

गणिताचं ऐक बाळ. अपूर्णांक, घातांक, गुणोत्तर, सूत्रातलं हवं ते पद एका बाजूला आणणं आणि आलेख वाचणं. पुढं थोडी त्रिकोणमिती. नीटच्या फिजिक्सला रोज लागतं ते एवढंच. तुझे आठ मार्क कुठल्या उदाहरणात गेले ते बघ आधी. बहुतेक वेळा चिन्हं चुकलेली असतात.

लातूरला राहून आलेली

दहावीनंतर मला लातूरला ठेवलं. आई खोली घेऊन सोबत राहिली, बाबा इकडं दुकान सांभाळून डबा खायचे. मी नववीत असताना कपाटाच्या आतल्या बाजूला खडूनं '६५०' लिहिलं होतं. एवढे पडले की सरकारी पक्कं, असं कुणीतरी सांगितलेलं. लातूरला जाईपर्यंत रोज त्या आकड्याकडं बघून कपाटातले कपडे घ्यायचे.

तो आकडा कसा फसवा असतो बघा. २०२४ ला सुरुवातीच्या निकालात देशात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. आदल्या वर्षी ज्या मार्कांना सरकारी सीट मिळत होती, त्या मार्कांना मी बाहेर राहिले. परत बसले. २०२५ चं फिजिक्स इतकं अवघड होतं की देशात पहिल्या आलेल्याला ६८६. माझे मार्क आधीपेक्षा कमी आले आणि रँक वर गेली! आता सिंधुदुर्गला आहे. गगनबावड्याचा घाट चढून घरी येते तेव्हा रस्ताभर आईला फोन असतो.

लातूर वाईट नव्हतं. अभ्यास खरंच झाला, मैत्रिणी मिळाल्या. पण खोल्यांच्या बोळातून संध्याकाळी चालताना दारादारातून एकच प्रश्नपत्रिका मोठ्यानं सोडवल्याचा आवाज यायचा, तो अजून डोक्यात आहे.

भुदरगड, जनावरांचा डॉक्टर

मला पण एमबीबीएसच करायचं हुतं. रँक पुरली नाही. शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला लागलो. त्याला पण नीटच लागती, हे गावात कुणाला खरं वाटत न्हाई. सुरवातीला पावणं इचारायचे, "म्हशीचा डाक्टर व्हय?" आता त्यांचीच म्हस अडली की रात्री दोनला फोन. गारगोटीपास्नं आत वाड्या-वस्त्यांवर मोटरसायकलनं जातो. आडवं आलेलं रेडकू हात घालून सरळ करून काढलं, की घरची म्हातारी माझ्या डोस्क्यावरनं हात फिरवती. बीएएमएस, बीएचएमएस, व्हेटर्नरी, सगळ्या वाटा नीटमधनंच जात्यात. पोरीला हे आत्ता सांगू नका म्हणत्यात लोकं, ध्येय कमी होतंय म्हणं. सांगा की. काय होत न्हाई.

मी पण नववीत

माझ्या मावशीच्या मोबाईलवरून लिहितोय. मला मार्कांचं टेन्शन नाही, चांगले पडतात. पण मला रक्त बघून गरगरतं. फुटबॉल खेळताना मित्राचा गुडघा फुटला तर मीच खाली बसलो. असल्या मुलाला डॉक्टर होता येतं का? घरी विचारायला लाज वाटते.

स्त्रीरोगतज्ज्ञ, ताराबाई पार्क

होता येतं बाळा. पहिल्या वर्षी, मृतदेह चिरून शिकतात त्या डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिननं डोळे चुरचुरतात, घसा धरतो, आणि आमच्या बॅचमधली धिप्पाड मुलं पहिल्या दिवशी बाहेर कट्ट्यावर डोकं धरून बसली होती. मीही पहिली प्रसूती बघताना भिंतीला टेकले होते. सिस्टरनं मला खुर्ची दिली आणि पेशंटच्या सासूनं पाणी. काही आठवड्यांत हाताला काम लागतं आणि गरगरणं कधी थांबलं ते कळतही नाही. सरावानं जातं. अगदी नाहीच गेलं तर पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी, मानसोपचार आहेत.

एक सांगायचंय, ते मोठ्यांना. मला लहानपणी सतत आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगायचे. त्यांनी एवढं सोसलं, तुला काय होतंय? मला त्यानं हुरूप कमी आणि धडकी जास्त भरायची. पुढं सीपीआरला काम करताना कळलं, की हेच पूर्वीचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली अमेरिकेत पदवी मिळाल्यावर कोल्हापूर संस्थानानं आनंदीबाईंना इथल्याच स्त्री विभागावर नेमलं होतं. पण त्या आजारी होऊनच परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. इथं रुजू होणं झालंच नाही. शाळेतल्या गोष्टीत हा भाग घाईत उरकायचे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना सोसण्याची गोष्ट सांगायची तर तब्येतीचीही सांगावी, असं मला वाटतं. झोपतोस ना रे वेळेवर?

मी पण नववीत

साडेअकराला.

स्त्रीरोगतज्ज्ञ, ताराबाई पार्क

दहाला झोप. रक्ताचं नंतर बघू.

भुदरगड, जनावरांचा डॉक्टर

रक्ताचं आमच्याकडं बघू की. दिवाळीच्या सुट्टीत ये गारगोटीला. म्हस व्यायला झाली की फोन करतो. पण ती रात्रीच व्यायची, तेवढं दहाच्या झोपेचं डॉक्टरबाईंना इचारून ठेव.