गानला विजय का नाही आणि कायनर-फलेफा कुठे चुकला
UFC मधल्या (मिश्र मार्शल आर्ट्स) टॉम अ‍ॅस्पिनॉल–सिरिल गान लढतीत गान पहिल्या फेरीत वरचढ होता म्हणून निकाल त्याचा, हे पटत नाही. चुकून झालेल्या फाउलने (नियमभंगाने) पाच फेऱ्यांची लढत थांबली, तर तीन फेऱ्या पूर्ण झाल्या असतील तरच गुण मोजतात. गानची बोटं डोळ्यात गेल्याने अ‍ॅस्पिनॉल पहिल्या फेरीत 4:35 लाच थांबला, म्हणजे ‘नो कॉन्टेस्ट’च (निकालच नाही). बोटं मुद्दाम घातली असं ठरलं असतं, तर उलट गानच बाद.

बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात ब्लू जेजचा धावपटू कायनर-फलेफा चुकला, याबद्दल मात्र सहमत. नववी इनिंग, 4-4, एक बाद, तिन्ही बेस भरलेले. लाइन ड्राइव्हवर (सरळ हवेतून गेलेल्या फटक्यावर) झेल आणि डबल प्ले, म्हणजे एकाच वेळी दोघे बाद, नको म्हणून कायनर-फलेफा थर्ड बेसला चिकटून राहिला, इथवर ठीक. पण फोर्स असल्यावर (मागचे बेस भरलेले असल्याने जमिनीवरच्या फटक्यावर पळावंच लागतं तेव्हा) टॅग, म्हणजे धावपटूला चेंडू लावणं, लागतच नाही. डॉजर्सच्या रोहासचा थ्रो धरताना कॅचर स्मिथचा पाय होम प्लेटवर टेकला की संपलं. बेसपासून पाऊलभर जास्त लीड (आधीच पुढे सरकणं) पुरली असती!