फोर-वे हँडशेकचं मॉडेल निर्दोष येतंय, मग क्रॅक हल्ला का सापडत नाही?

शाल्मली_एमटेक:
नमस्कार. प्रोजेक्टसाठी वाय-फायच्या डब्ल्यूपीए२ सुरक्षेतला फोर-वे हँडशेक (क्लायंट आणि ॲक्सेस पॉइंट, म्हणजे राउटर, चार मेसेजमध्ये किल्ली ठरवतात तो) प्रोव्हेरिफ या प्रोटोकॉल तपासणाऱ्या टूलमध्ये लिहिलाय. चारही मेसेज, दोन्ही नॉन्स (एकदाच वापरायचे आकडे), एमआयसी (मेसेज बदलला नाही याची खूण), सगळं आहे. किल्ली गुप्त राहते, ऑथेंटिकेशनही सिद्ध होतं. पण २०१७ मध्ये व्हानहूफ आणि पीसेन्स यांनी याच हँडशेकवर क्रॅक, म्हणजे तीच किल्ली पुन्हा बसवायला लावणारा, हल्ला दाखवला. तो माझ्या मॉडेलला दिसत का नाही?

वायरवाला:
तो इम्प्लिमेंटेशनमधला बग होता ना? पॅच आले, विषय संपला.

जुना_राउटर:
नाही हो, दोष मानकातच होता. उलट तेव्हाचे विंडोज आणि आयओएस मानक मोडून दुसऱ्यांदा आलेला तिसरा मेसेज नाकारायचे, म्हणून फोर-वे हँडशेकवरच्या हल्ल्यातून वाचले. ग्रुप किल्लीच्या (नेटवर्कवरच्या सगळ्या क्लायंटची सामायिक किल्ली) हँडशेकमध्ये मात्र तेही सापडले. मानक नीट पाळणाऱ्यालाच फटका बसावा, याचा मला आजही संताप येतो.

शाल्मली, तुमच्या मॉडेलचं उत्तर बरोबरच आहे. क्रॅकमध्ये किल्ली फुटतच नाही. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ८०२.११आय (डब्ल्यूपीए२मागचं मानक) बरोबर असल्याची सिद्धता दिली होती, तीही खोटी ठरली नाही. किल्ली ठरल्यावर ती बसवायची कधी आणि किती वेळा, हे त्या सिद्धतेत नव्हतं. नेमकं तिथेच भोक होतं. हल्लेखोर मधे बसून चौथा मेसेज अडवतो. ॲक्सेस पॉइंटला वाटतं तिसरा पोचलाच नाही, म्हणून तो पुन्हा पाठवतो. क्लायंट तीच किल्ली पुन्हा बसवतो आणि पॅकेट नंबर शून्यावर येतो. एन्क्रिप्शनचा नॉन्स या नंबरवरूनच बनतो, मग वापरून झालेल्या नॉन्सनेच पुढची पॅकेट एन्क्रिप्ट होतात.

तुमचा क्लायंट तिसरा मेसेज एकदा घेऊन थांबत असेल. त्याला पुन्हा घेऊ द्या. किल्ली बसवणं ही वेगळी पायरी करा, पॅकेट नंबर स्टेटमध्ये ठेवा. शिवाय तुमच्यासारख्या सिम्बॉलिक मॉडेलमध्ये, म्हणजे जिथे मेसेज नुसती चिन्हं असतात तिथे, एन्क्रिप्शन अभेद्यच धरलेलं असतं, म्हणून एक नियम हातानेच लिहावा लागेल: एकाच किल्लीने, एकाच नॉन्सने दोन वेगळे मजकूर गेले तर ते दोन्ही हल्लेखोराला मिळतात. हा नियम नसेल तर बाकी सगळं लिहूनही हल्ला दिसणार नाही.

आणि हे टॅमरिन या तशाच दुसऱ्या टूलमध्ये करा. बदलणारी स्टेट आणि वाढता काउंटर प्रोव्हेरिफला जड जातात. क्रेमर्स, कीझल आणि मेडिंगर यांनी २०२० मध्ये डब्ल्यूपीए२चं विश्लेषण टॅमरिनमध्येच केलं, ते आधी वाचा.

शाल्मली_एमटेक:
धन्यवाद सर! ग्रुप किल्लीही आत्ताच घेऊ का?

जुना_राउटर:
नको. आधी एक क्लायंट, एक ॲक्सेस पॉइंट. हल्ला सापडला की वापरात असलेली किल्ली पुन्हा न बसवण्याची अट घाला आणि तोच लेमा (टूलने तपासायचा दावा) परत चालवा. ग्रुप किल्ली त्यानंतर. काउंटरमुळे टॅमरिन तासन्‌तास फिरत राहिला, तर नंबर फक्त वाढतो असा सहायक लेमा आधी सिद्ध करून घ्या.