मॅन्युअल लेन्सचा अचूक फोकस: रेंजफाइंडर की मिररलेस?

वाळवंटीकाठ (साखळी)

मागच्या आठवड्यात आमच्या छायाचित्रकार मित्रांच्या बैठकीत एकाने ठामपणे सांगितले की रेंजफाइंडर (दोन खिडक्यांतून अंतर ठरवणारा कॅमेरा) ही आता निव्वळ हौसेची वस्तू उरली आहे आणि मॅन्युअल, म्हणजे हाताने रिंग फिरवून फोकस करायच्या, लेन्सचा फोकस अचूक साधायचा असेल, तर ती मिररलेसवर (सेन्सरवरचे चित्र थेट पडद्यावर दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर) लावून चित्र मोठे करून पाहण्याला पर्याय नाही. बैठकीत वाद अर्धवट राहिला, म्हणून तो या चर्चेच्या धाग्यात मांडतो. माझ्या मते हे विधान दूरचे जवळ आणणाऱ्या ९० मिमीच्या लेन्सबाबत खरे आहे, ५० मिमीबाबत निम्मे खरे आहे आणि रुंद दृश्य घेणाऱ्या ३५ किंवा २८ मिमीबाबत चुकीचे आहे.

दोन्ही कॅमेऱ्यांची फोकस ठरवण्याची रीतच मुळात वेगळी आहे. रेंजफाइंडर भूमापकासारखा त्रिकोण मांडतो. दोन खिडक्यांतून आलेल्या प्रतिमा व्ह्यूफाइंडरच्या मधल्या छोट्या चौकोनात, म्हणजे पॅचमध्ये, एकावर एक बसल्या की अंतर ठरले. दोन्ही खिडक्यांमधील अंतराला व्ह्यूफाइंडरच्या मॅग्निफिकेशनने (त्यात दृश्य किती पट दिसते त्या आकड्याने) गुणले की त्याची प्रभावी पायालांबी मिळते. १९५४च्या लायका एम३मध्ये ती सुमारे ६२ मिमी होती, तर ०.७२ मॅग्निफिकेशनच्या नंतरच्या कॅमेऱ्यांत ती जवळजवळ ५० मिमी आहे. साधारण डोळा एका कोनीय मिनिटाइतका (अंशाच्या साठाव्या भागाइतका) फरक ओळखतो असे धरले, तर ५० मिमीच्या पायावर ३ मीटर अंतरासाठी सुमारे ५ सेंमीची चूक संभवते. ही चूक लेन्स २१ मिमीची असो वा ९०ची, तेवढीच राहते.

मिररलेसचे तसे नाही. तेथे आपण लेन्समधून आलेल्या प्रतिमेची रेखीवता पाहतो, त्यामुळे लेन्स जितकी रुंद, तितके फोकसचे शिखर बोथट होते. ३५ मिमी एफ/१.४ची लेन्स (एफचा आकडा अपर्चरचा, म्हणजे प्रकाशद्वाराचा; तो लहान तितके द्वार मोठे) ३ मीटरवर लावली, तर डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे रेखीव दिसणारा अंतराचा पट्टा, रूढ निकषाने ६० सेंमीच्या घरात जाते. २३.६ लाख ठिपक्यांचा इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर म्हणजे प्रत्यक्षात १०२४ गुणिले ७६८ पिक्सेलचा पडदा. २४ मेगापिक्सेलचे चित्र एवढ्याशा पडद्यावर पाहताना त्या ६० सेंमींच्या आतले सगळे सारखेच रेखीव दिसते.

आमच्या देवळात उत्सवाला रात्री नाटक असते. गेल्या खेपेला मी दोन्ही कॅमेरे नेले होते. समईजवळ बसलेल्या पात्राचा चेहरा अंधारात होता, मिररलेसच्या पडद्यावर दाणे नाचत होते आणि फोकस पीकिंगची (रेखीव वाटलेल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीची) लाल रेघ ज्योतीवर व शालूच्या जरीवर ठाण मांडून होती. मी रिंग फिरवत राहिलो तरी ती तेथून हलेना. रेंजफाइंडरमध्ये मात्र नाकाची कड जुळली की काम झाले.

शिंपल्याची खिडकी (पणजी)

वाळवंटीबाब, आपले गणित बरोबर आहे; परंतु ते नुकत्याच दुरुस्तीच्या मेजावरून उतरलेल्या, पूर्ण जुळवलेल्या कॅमेऱ्याचे गणित आहे. रेंजफाइंडर लेन्समधून कधीच पाहत नाही. लेन्सच्या मागचा कॅम (रिंगबरोबर मागेपुढे होणारी कड), त्यावर टेकलेली कॅमेऱ्यातील फिरकी, तिचा दांडा, दांड्याने हलणारी काच आणि या सगळ्यांशी ज्याचा काहीही संबंध नाही असा सेन्सर, एवढ्यांचे एकमत झाले तरच आपले ५ सेंमी खरे. माझा रेंजफाइंडर स्कूटरच्या डिकीतून एकदा काणकोणला जाऊन आला. दुसऱ्या दिवशी मिरामारहून आग्वादचे दीपगृह पाहिले, तेव्हा रिंग इन्फिनिटीला (अनंत अंतराच्या खुणेला) टेकलेली असूनही पॅचमध्ये शेजारी शेजारी दोन दीपगृहे उभी होती. मिररलेसमध्ये असा बिघाड होऊच शकत नाही, कारण जो सेन्सर चित्र घेतो तोच फोकस दाखवतो.

दुसरे म्हणजे अपर्चर बंद करताना होणारे फोकसचे सरकणे. सोनार (Sonnar) या रचनेच्या धाटणीच्या वेगवान, म्हणजे मोठ्या अपर्चरच्या, लेन्समध्ये स्फेरिकल अॅबरेशन (लेन्सच्या कडेची व मधली किरणे एकाच बिंदूत न मिळण्याचा दोष) जाणूनबुजून थोडे शिल्लक ठेवलेले असते. त्यामुळे एफ/१.५वर जुळवलेली लेन्स एफ/२.८वर नेली की फोकस मागे सरकतो. कॅमला अपर्चर कळत नाही, म्हणून रेंजफाइंडरला ही चूक दिसतच नाही. मिररलेसवर ज्या अपर्चरला चित्र घ्यायचे, त्याच अपर्चरला फोकस केला की प्रश्न मिटतो.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॅच मधोमध असतो, चेहऱ्यावरचा डोळा मधोमध नसतो. ५० मिमी एफ/१.५वर १ मीटर अंतरावरचा डोळा पॅचमध्ये जुळवून कॅमेरा केवळ १२ अंश फिरवला, तरी फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे २.२ सेंमी मागे जाते. तेथे डेप्थ ऑफ फील्ड एकूण साडेतीन सेंमीदेखील भरत नाही, म्हणजे पुढे-मागे पावणेदोन सेंमींच्याच आत. डोळा गेला, कान मिळाला! मिररलेसवर मॅग्निफिकेशनची, म्हणजे चित्र मोठे करून दाखवणारी, चौकट थेट डोळ्यावर नेता येते.

आणि माझ्या नावातील खिडकीवरही रेंजफाइंडरचा भरवसा नाही. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये शिंपल्यांच्या खिडकीच्या सारख्या अंतरावरील चौकटी पॅचमध्ये आल्या की एक पट्टी शेजारच्या पट्टीवर तंतोतंत बसते आणि फोकस जुळल्याचे समाधान देऊन फसवते.

मिरगाचा पाऊस (डिचोली)

आपणा दोघांच्या वादात आमच्या हवेचा विचार झालेला नाही. जून ते सप्टेंबर या काळात कॅमेरा कपाटात तसाच पडून राहिला, तर रेंजफाइंडरच्या आतल्या काचांवर बुरशीचे जाळे धरते, पॅच फिका पडतो आणि मग कोनीय मिनिटाच्या हिशेबाला काही अर्थ उरत नाही. सिलिका जेल घालून डबा घट्ट बंद ठेवणे हे दोन्ही पक्षांचे समान कर्तव्य आहे.

वाळवंटीकाठ

डब्याची सूचना शिरसावंद्य. खिडकीबाब, कॅमेरा फिरवल्याने येणाऱ्या चुकीचे आपले गणित मी कागदावर करून पाहिले आणि ते मान्य करतो. जवळच्या अंतरावर, पूर्ण उघड्या अपर्चरला ही रेंजफाइंडरची खरी मर्यादा आहे. जुने लोक कॅमेरा फिरवल्यावर अंगाने किंचित मागे झुकत असत, पण २ सेंमी झुकणे हा अंदाजच झाला, त्याला अचूकता म्हणता येणार नाही. खिडकीच्या पट्ट्यांबाबत मात्र उपाय सोपा आहे. चौकटीच्या कडेचा गंजलेला बिजागर किंवा फुटका शिंपला पॅचमध्ये घ्यावा, कारण जे एकच आहे ते दुसऱ्यावर बसण्याचा प्रश्न येत नाही. पॅचला आडव्या रेषेवरचा फरक दिसत नाही, म्हणून पायरी किंवा समुद्राची कड असेल तर कॅमेरा क्षणभर तिरका धरावा, हेही त्याच जातीचे.

आपण मॅग्निफिकेशनला मात्र फुकटचे समजता, यावर माझा आक्षेप आहे. लेन्सला विद्युत संपर्क नसल्याने रिंग फिरवल्याचे कॅमेऱ्याला कळत नाही. त्यामुळे बटण दाबून चित्र मोठे करायचे, चौकट हलवायची, फोकस करायचा आणि मग पूर्ण चित्र परत आणायचे, एवढे होईपर्यंत नट रंगमंचावर दोन पावले पुढे आलेला असतो. ते न करता केवळ पीकिंगवर विसंबलो, तर पीकिंग रेखीवता दाखवत नाही, कडेचा काळा-पांढरा फरक दाखवते, हे समईने मला शिकवलेच आहे.

अंत्रुज (फोंडा)

तुम्ही दोघेही मिररलेसवर लेन्स बसली की ती लेन्स तशीच राहते असे धरून चालला आहात, आणि माझा मतभेद नेमका तेथेच आहे. लायका एम माउंटपासून (लेन्स बसते त्या कड्यापासून) सेन्सरपर्यंतचे अंतर २७.८ मिमी, सोनी ई माउंटचे १८ मिमी. म्हणजे दोहोंमधला जोडकडा, अॅडॉप्टर, ९.८ मिमी जाडीचा हवा. इन्फिनिटी हुकू नये म्हणून तो बहुधा मुद्दामच किंचित पातळ केलेला असतो. समजा ही उणीव केवळ ०.१ मिमीची आहे. ५० मिमीच्या लेन्सवर इन्फिनिटी २५ मीटरच्या खुणेपाशी येईल, ज्याने फारसे बिघडत नाही. २१ मिमीच्या लेन्सवर मात्र ती ४.४ मीटरच्या खुणेपाशी येते! लेन्सवरची अंतराची पट्टी त्या क्षणापासून शोभेची.

याचा फटका मला माशेलच्या चिखलकाल्यात बसला. देवकीकृष्णाच्या मैदानात पोरे चिखलात लोळत असताना कोणी व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा खुपसून बसत नाही; २१ मिमीची लेन्स एफ/५.६ला ठेवायची, रिंग २ मीटरवर लावायची आणि हात वर करून चित्रे घ्यायची, अशी माझी पद्धत. त्या दिवशी पुढच्या पोराच्या चेहऱ्यावरचा चिखल मऊ आला आणि मागच्या बघ्यांच्या छत्र्या रेखीव आल्या. घरी येऊन हिशेब केला, तेव्हा खुणेवरचे २ मीटर प्रत्यक्षात साडेतीन मीटरांच्या पुढे पडत होते.

शिवाय सेन्सरपुढची काच आहेच. लायकाच्या डिजिटल एम कॅमेऱ्यांत ती १ मिमीहूनही पातळ असते, तर अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत २ मिमीच्या आसपास. फिल्मसाठी घडवलेल्या रुंद लेन्सची किरणे कोपऱ्यांत फार तिरकी येतात आणि जाड काचेतून जाताना कोपऱ्यातली फोकसची पातळी वळते. मग मध्यावर मोठे करून साधलेला फोकस कोपऱ्याला लागू पडत नाही. म्हणून खिडकीबाब म्हणतात तशी सेन्सर खरे बोलतो ही गोष्ट खरी असली, तरी तो बोलतो ते त्या एका जागेपुरतेच.

शिंपल्याची खिडकी

अंत्रुजबाय, अॅडॉप्टरचा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. अॅडॉप्टर उघडून आत पातळ धातूची पट्टी घातली की खुणा परत जागेवर येतात; मी घरच्या मेजावर एका संध्याकाळी हे केले आहे. रेंजफाइंडरचा दांडा मात्र मी घरी हलवणार नाही, आणि तो जुळवणारा माणूस गोव्यात मला मिळालेला नाही. वाळवंटीबाब वेळेचा हिशेब करतात, तो मान्य; पण धाग्याचा विषय अचूकता आहे, वेग नव्हे. लायकाने स्वतः २०१२मध्ये जाहीर केलेल्या एम कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू (सेन्सरवरचे चित्र थेट पडद्यावर) आणि पीकिंग दिले, ते त्रिकोणाचे गणित सर्वत्र पुरले असते तर कशाला दिले असते?

वाळवंटीकाठ

काल रात्री ओसरीवर मोजपट्टी तिरपी ठेवून, प्रत्येक वेळी रिंग इन्फिनिटीला नेऊन परत आणत, दोन्ही कॅमेऱ्यांवर तीच लेन्स तपासली. ५० मिमीवर, १ मीटर अंतरावर, मोठे करून पाहिलेल्या मिररलेसने मला हरवले. रेंजफाइंडरची चित्रे एकाच बाजूला, मागे, पडत होती, म्हणजे माझाही दांडा किंचित हललेला असणार. ३५ मिमीवर ३ मीटरला रेंजफाइंडरची चित्रे एकमेकांच्या जवळ पडली आणि मोठे न करता पाहिलेली मिररलेसची चित्रे पट्टीभर विखुरली. मोठे करून पाहिल्यावर मिररलेस पुन्हा पुढे गेला, हे लपवत नाही. म्हणून माझे पहिले विधान सुधारतो: पॅच जुळलेला असेल आणि मोठे करून पाहायला सवड नसेल, तर रुंद लेन्सवर रेंजफाइंडर अधिक अचूक. यापुढे मात्र मी मागे हटणार नाही.

त्रिपुरारी पौर्णिमेला विठ्ठलापुरात वाळवंटीत सजवलेल्या होड्या सोडतात. काळोखात दिवे, हलणारे पाणी, सवड अजिबात नाही. खिडकीबाबांनी कॅमेरा घेऊन यावे. मी ३५ मिमी आणतो.

शिंपल्याची खिडकी

जरूर येतो. मी ९० मिमी आणतो.