मदत हवी आहे: शाळेच्या अडगळीत सापडलेली डी. पी. (कवायतीची) रायफल, पाटीवर काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलाची जुनी इमारत पाडायची आहे. अडगळीची खोली रिकामी करताना कपाटामागे एक रायफल मिळाली. हेडमास्तरांनी लगेच पोलिसांना कळवलं, पंचनामा झाला आणि ती पोलिसांनी ताब्यात घेतली. मालकीचं ठरल्यावर शाळेच्या दालनात ठेवायला मिळावी यासाठी आमचा अर्ज गेला आहे. पंचनाम्याच्या वेळी मी ती जवळून पाहिली, फोटोही काढले.

बट (मागचा लाकडी दस्ता) जिथे लोखंडाला मिळतो, तिथल्या पट्टीवर उजवीकडे अशोकस्तंभाचे सिंह कोरलेले आहेत. खाली आर. एफ. आय. ही अक्षरं आणि साल: १९५, पुढचा आकडा झिजलेला. नळीवर आणि लाकडावर डी. पी. ठोकलंय. बटाभोवती पांढरा पट्टा, चेंबरला (गोळी बसते त्या जागेला) वरून भोक पाडलेलं, आणि बोल्टच्या तोंडातून फायरिंग पिनचं टोक बाहेर येत नाही. बटप्लेटच्या झाकणाआड फुलथ्रूची (नळी साफ करायची) दोरी आणि तेलाची पितळी कुपी अजून जागच्या जागी आहे. दोरीच्या फासात चिंधीसुद्धा तशीच अडकलेली.

आता अडचण अशी की गावात सगळे म्हणतात, ही १९६१ साली पोर्तुगीज सैनिकांनी टाकून दिलेली बंदूक. आमच्या पंचायतीच्या पंचांनी तशी पाटी रंगवायलाही सांगितली. मला हे पटत नाही. पोर्तुगालची १९०४ ची माउझर-व्हर्गेइरो बर्लिनला बनलेली, ६.५ मिलिमीटरची, तिच्या चेंबरवर राजा कार्लुशचा मुकुटाखालचा ‘सी’ असतो. त्यानंतर त्यांनी १९३७ ची जर्मन माउझर घेतली. अशोकाचे सिंह यातल्या कुठल्याच बंदुकीवर असणार नाहीत. माझ्या मते ही पश्चिम बंगालमधल्या ईशापूर कारखान्याची थ्री नॉट थ्री (नंबर १ मार्क ३) आहे. झिजलेली म्हणून गोळीबारातून काढली आणि कवायतीला दिली. डी. पी. म्हणजे ड्रिल पर्पज.

कवायतीची म्हणून ती कमी मोलाची ठरत नाही. मुक्तीनंतर आमच्या शाळेत एन. सी. सी. आली तेव्हा याच वजनाची रायफल खांद्यावर घेऊन इथल्या पोरांनी पहिली परेड केली. त्यातले काही आज सत्तरी-पंचाहत्तरीचे आहेत. खोट्या पाटीखाली त्यांचीच गोष्ट झाकली जाईल.

तर जाणकारांनी सांगावं: माझी ओळख बरोबर आहे का? कायद्यानं ती शाळेत ठेवता येईल का? आणि परत मिळालीच तर गोव्याच्या पावसाळ्यात लाकूड-लोखंड कसं जपायचं?

फोंड्याचा कॅडेट:
सर, ओळख बरोबर वाटते. आणखी एक खूण बघा: मॅगझीनच्या (गोळ्यांच्या पेटीच्या) पुढे लाकडातून आडवा स्क्रू गेलाय का? लाकूड फाटू नये म्हणून ईशापूरला तो घालत. १९६२ च्या युद्धानंतर तिथे याच घडणीची ७.६२ मिलिमीटरची टू-ए रायफल निघाली, पण तुमचं साल आधीचं आहे.

एका गोष्टीची खात्री करून घ्या. आम्ही कॅडेट असताना नेमबाजीला पॉइंट टू टूची नंबर २ मार्क ४ असायची. बाहेरून हुबेहूब थ्री नॉट थ्री, पण नळी बारीक बोअरची (आतल्या व्यासाची) आणि बोल्टचं डोकं बदललेलं. एकेक गोळी हातानं भरायची, रिकामी पुंगळी मॅगझीनच्या पोकळीत पडायची. स्वस्त गोळ्या आणि २५ यार्डांची जागा एवढ्यावर पोरांना नेम शिकवता यायचा. पोलिसांच्या परवानगीनं तोंडाशी साधी पेन्सिल लावून बघा. थ्री नॉट थ्रीची नळी ७.७ मिलिमीटरची, तिच्यात पेन्सिल शिरते. पॉइंट टू टूत शिरत नाही.

राहिली निगा. शिपायाला खोबरेल लावू देऊ नका! ते सुकत नाही, चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. लाकडाला जवसाचं कच्चं तेल बोटानं अगदी पातळ चोळा. तेलाची फडकी मात्र गोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात. मोकळी वाळत घाला. पॉलिश पेपर, व्हार्निश अजिबात नको. पांढरा पट्टा कितीही खरवडलेला असो, नव्यानं रंगवू नका, तोच तिचा दाखला आहे.

म्हापशेकर वकील:
थ्री नॉट थ्री हा प्रतिबंधित बोअर आहे, त्यामुळे पोलिसांना आधी कळवलंत ते फार चांगलं केलंत. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ४५ (क) मध्ये जुन्या, निकामी हत्यारांना सूट आहे, पण दुरुस्त करूनसुद्धा चालवता येणार नाही असं हत्यार असेल तरच. नळीला भोक आहे एवढ्यावर ते आपण ठरवायचं नाही. अधिकृत आर्मररचा (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञाचा) लेखी अभिप्राय मागा. त्याआधी एन. सी. सी. बटालियनला फोटो आणि नंबर लेखी कळवा. त्यांच्या कोतच्या (शस्त्रं ठेवायच्या खोलीच्या) नोंदीत ती असेल तर माल सरकारचा, मग ठेवायची परवानगीही त्यांच्याकडूनच घ्यावी लागेल.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. फोटो मोठा करून पाहिला, आडवा स्क्रू आहे! बटालियनला पत्र उद्याच टाकतो. पाटीचा मसुदा असा केलाय: “कवायतीची रायफल, नंबर १ मार्क ३. ईशापूर, १९५० चं दशक. या शाळेच्या एन. सी. सी. कॅडेटांनी वापरलेली.” शेवटचं वाक्य जुन्या कॅडेटांना विचारूनच पक्कं करणार आहे. डिचोली-साखळी भागात तेव्हा कुणी कॅडेट असेल आणि परेडचा जुना फोटो घरात असेल, तर कृपया इथे कळवा. फोटोत पांढरा पट्टा दिसला तर पंचांनाही दाखवता येईल.