केंद्राचा कायदा राज्याला बदलता येतो का? (बैलगाडा शर्यतीवरून)

खोंडवाला:
आमच्या दावणीला शर्यतीची दोन खोंडं होती. २०१४ ला सुप्रीम कोर्टाची बंदी आली, काकांनी छकडा आढ्याला टांगला. तो खाली आला २०२१ च्या डिसेंबरात, कोर्टाने परवानगी दिल्यावर. तोवर एक बैल गेलासुद्धा. आता परीक्षेचा अभ्यास करतोय. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा, संसदेचा. मग २०१७ ला आपल्या विधिमंडळाने त्यात दुरुस्ती केली कशी? पुस्तकात ‘केंद्राचा कायदा वरचढ’ एवढंच छापलंय.

जुना_मसुदेवाला:
पुस्तकाने अर्ध्यावर पान संपवलंय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत कोणत्या विषयावर कुणी कायदा करायचा याच्या तीन याद्या आहेत: संघ, राज्य आणि समवर्ती. संघ आणि राज्य सोडा, तुमचा बैल समवर्ती यादीत बांधलाय, नोंद १७, प्राण्यांवरची क्रूरता रोखणं. तिथे दोघांनाही कायदा करता येतो. टक्कर झाली तर अनुच्छेद २५४(१) प्रमाणे संसदेचा चालतो, हे खरं. पण लगेच खाली (२) वाचा. राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या विचारार्थ राखून ठेवलं आणि त्यांची संमती मिळाली, तर त्या राज्यापुरता राज्याचाच कायदा चालतो. महाराष्ट्राने हेच केलं, तमिळनाडूने जल्लिकट्टूसाठी, म्हणजे तिथल्या बैल पकडण्याच्या खेळासाठी, हेच केलं. मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

मी नोकरीत असे मसुदे तपासायचो. फाइल राष्ट्रपतींकडे गेली की आमच्याकडे ‘दिल्लीला गेली’ म्हणायचे. मग कधी येणार हे कुणी विचारायचं नाही.

खोंडवाला:
म्हणजे संमती मिळाली की कायमची चिंता मिटली?

जुना_मसुदेवाला:
छे. त्याच (२) ला परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अट, आहे. संसद त्याच विषयावर पुन्हा कायदा करून राज्याची दुरुस्ती रद्दसुद्धा करू शकते. परंतुक न वाचता उत्तर लिहिणारे मी खूप पाहिलेत.

पावसाळी_ढग:
याद्या तरी कुठे पक्क्या आहेत? शिक्षण आणि वनं आधी राज्य यादीत होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने उचलून समवर्तीत टाकली. मला विचाराल तर राज्यांचं खरं नुकसान तिथे झालं, बैलांवरून भांडतोय आपण.

जुना_मसुदेवाला:
ढगसाहेब, मुद्दा बरोबर, पण त्याला वेगळा धागा काढा. इथे पोराची परीक्षा आहे.

खोंडवाला:
काकांना परंतुक वाचून दाखवलं. म्हणाले, आढ्याची दोरी मी अजून सोडलेली नाही.