उत्तर: पुढच्या मडगार्डचा खडखडाट

दुचाकीचं पुढचं मडगार्ड खडखडतंय, काय करावं, असा प्रश्न आहे. बोल्ट आवळले की आवाज जाईल असं एकाने सुचवलंय, पण घाई करू नका. बऱ्याच गाड्यांत मडगार्डच्या भोकात रबरी बुश (गादीसारखी रिंग) आणि त्याच्या आत लोखंडी कॉलर (छोटी नळी) असते. बोल्ट कॉलरवर टेकला की पुढे आवळून उपयोग नाही. रबर झिजलं असेल तर मडगार्ड हलतच राहतं. आणि कॉलर हरवली असेल तर सगळा दाब प्लास्टिकवर येऊन भोकापासून तडा जातो. माझ्या गाडीला अगदी हेच झालं, नखाएवढा तडा महिनाभरात बोटभर झाला. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडलं तेव्हा तो थांबला.

आधी गाडी उभी ठेवून इंजिन चालू करा आणि मडगार्ड हाताने दाबून धरा. आवाज थांबला नाही तर ब्रेकच्या नळीची क्लिप तपासा, ती सैल असली की नळी फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) आपटते.

बुश बदला, मोठा वॉशर घाला, बोल्टच्या आट्यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. ६ मिमीच्या बोल्टला आवळायला साधारण १० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) पुरे. नंतर चाक हाताने फिरवून टायर कुठे घासत नाही ना, हे मात्र नक्की बघा.