शिंगकळी डागलेल्या करडाची खपली निघाली, जखम ओली आहे. काय लावू?

गोठा_फलटण: सानेन (दुधाळ विदेशी शेळी) क्रॉसची दोन करडं, वय पंधरा दिवस. पाच दिवसांपूर्वी, शिंगं वाढू नयेत म्हणून, डॉक्टरांनी तापलेल्या दांड्याने शिंगकळ्या डागल्या. एकाचं छान वाळलंय. दुसऱ्याने खांबाला डोकं घासलं आणि उजवी खपली निघाली. आत लाल, कडेला पिवळसर ओल. दूध पितंय, उड्या मारतंय. पावसाळी हवा, माश्या फार. हळद-तेल भरू का?

शेळी_सांगोला: हळद-तेल नको. तेलाखाली ओल कोंडते आणि वर कचरा चिकटतो. आधी जखमेचा वास घ्या. पातळ, बिनवासाचा पिवळा स्राव म्हणजे जखम भरतेय. दाट पू, घाण वास, भोवतीची कातडी गरम नि सुजलेली असेल तर संसर्ग समजा आणि डॉक्टरांना दाखवा.

एक लिटर पाणी उकळून गार करा, त्यात 9 ग्रॅम मीठ. गॉझ भिजवून टिपा. कापूस वापरू नका, त्याचे तंतू आत राहतात. मग पोव्हिडोन आयोडीन बिनदुधाच्या फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. दिवसातून एकदा पुरे. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज लावलं तर नवं मांस जळतं. पट्टी बांधू नका, हवा लागू द्या. दुसऱ्या बाजूची खपली अजिबात ओढू नका, काही आठवड्यांत ती आपणहून गळते.

खरी भीती माशीची. अंड्यातून अळी एका दिवसात बाहेर पडते, म्हणून सकाळ-संध्याकाळ केस बाजूला सारून कडा बघा. माशी पळवणारं मलम किंवा स्प्रे फक्त कडेच्या केसांवर, तेही करडाच्या डोळ्यांवर तळहात धरून. आई चाटत असेल तर पाजण्यापुरतंच सोडा. आसड्या (जखमेतल्या अळ्या) दिसल्याच तर मोठ्या जनावराला ओततात तसं टर्पेंटाईन ओतू नका. डोळा जवळ आहे, कवटी पातळ आहे. चिमट्याने काढा आणि डॉक्टरांना बोलवा.

पशुवैद्यक_लातूर: वरचं बरोबर. त्यात धनुर्वाताची भर घालतो, कारण डागलेल्या कातडीखाली हवा पोचत नाही आणि तिथेच तो जंतू वाढतो. विण्याआधी महिनाभर आईला धनुर्वाताची लस दिली असेल आणि करडाने चीक नीट प्यायला असेल तर बरंचसं संरक्षण मिळतं. नसेल तर आजच डॉक्टरांना अँटिटॉक्सिनबद्दल (धनुर्वाताचं विष मारणारं इंजेक्शन) विचारा. लक्षणं सहसा तीन दिवस ते तीन आठवड्यांत दिसतात: कान ताठ, शेपूट ताठ, पाय लाकडासारखे, तोंड उघडत नाही.

दुसरा धोका दांडा जास्त वेळ टेकवल्याचा. उष्णता मेंदूपर्यंत जाते. करडू भिंतीला डोकं टेकवून उभं राहिलं, मान मागे टाकू लागलं, दूध सोडलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

दुखण्यावर मेलोक्सिकॅम, पण वजन करून आणि डॉक्टर सांगतील तेवढंच. डायक्लोफेनॅक नको, ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून जनावरांत त्यावर 2006 पासून बंदी आहे.

गोठा_फलटण: वास नाही, स्राव पातळ आहे. आईला लस दिलेली नव्हती, अँटिटॉक्सिनसाठी आजच जातो. शेजारच्या पाच महिन्यांच्या पाटीची (तरुण शेळीची) शिंगं कापलीत, तिथे भोकच दिसतंय. तिलाही मिठाचं पाणी चालेल?

पशुवैद्यक_लातूर: भोकात काही ओतू नका. या वयात शिंगाची पोकळी नाकामागच्या पोकळीला जोडलेली असते, पाणी आत साचून सडतं. कडा पुसा, भोकावर निर्जंतुक गॉझ ठेवून सैल पट्टी बांधा, ओली झाली की बदला. चारा उंच टांगू नका, भुसा थेट भोकात पडतो. नाकातून एका बाजूने पू आला किंवा ती डोकं तिरपं धरू लागली, तर आत संसर्ग पोचलाय.